वाचकांचे प्रश्न: एका फेरीत चार झाडं पुरे

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही पाच मैत्रिणी, शाळेपासूनच्या, आता सगळ्यांची मुलं मोठी झालीत, दोघी तर रिटायर पण झाल्यात. मागे बेंगळूरला लालबागेत गेलो होतो, एवढं नाव ऐकलेलं, पण दीड तासात सगळं उरकलं, काचघर बघितलं, फोटो काढले आणि घरी आल्यावर काय काय बघितलं ते कोणालाच धड सांगता येईना. आता दिवाळीनंतर बोंडल्याला जायचा प्लॅन आहे, तिथे बोटॅनिकल गार्डन पण आहे म्हणतात. यावेळी निवांत बघायचंय. कसं जावं, काय बघावं?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: अहो, लालबाग म्हणजे 240 एकर, हैदर अलीने 1760 च्या सुमाराला सुरू केलेली बाग, आणि आत जो मोठा खडक आहे तो साधारण 300 कोटी वर्षांचा, हे सगळं दीड तासात कोणाच्या डोक्यात राहणार? एवढ्या मोठ्या बागेत माणूस रस्ता बघत चालतो, झाडं बाजूने निघून जातात. म्हणून मी जो विचारेल त्याला एकच सांगते, एका फेरीत चार झाडं. चारच. बाकीची बघायची राहिली तर राहू देत, ती कुठे पळून जात नाहीत. पण ज्या चारांपाशी थांबाल तिथे खरंच थांबा, सावलीत बसा, खोडाला हात लावा, खाली पडलेलं पान, फळ, बी उचलून बघा, वर मान करून फांद्या कशा फुटल्यात ते बघा, आणि मग गप्पा. गप्पा बंद करा असं मी कधीच सांगणार नाही, मैत्रिणी भेटल्यावर गप्पा नाही मारायच्या तर काय, फक्त चालत चालत मारू नका, झाडाखाली बसून मारा.

बोंडला तुम्हाला चांगलं पडेल. फोंड्याहून उसगाव-गांजेमार्गे 20 किलोमीटरच्या आसपास, शेवटचा रस्ता चढणीचा आणि वळणांचा आहे तेव्हा गाडी चालवणाऱ्याला घाई करू देऊ नका. चोडणचं पक्षी अभयारण्य सोडलं तर गोव्यातलं सगळ्यात लहान अभयारण्य ते, 8 चौरस किलोमीटर फक्त, आणि हे लहान असणं मला आवडतं कारण सगळं बघून टाकायचा दबाव राहत नाही. गुरुवारी बंद असतं, तरी निघायच्या आधी फोन करून विचारा. सकाळी उघडल्या उघडल्या पोचा. बहुतेक फॅमिल्या पोरांना घेऊन आधी प्राणिसंग्रहालयाकडे जातात, तुम्ही त्याच वेळी झाडांकडे वळा म्हणजे तासभर तरी बऱ्यापैकी शांतता मिळेल. खायच्या पिशव्या हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं बघून ठेवतात आणि मग ओढाओढ होते.

पहिलं झाड माट्टीचं घ्या. आपल्या राज्याचा वृक्ष म्हणून शाळेत पाठ केलेलं असतं पण समोर उभं असलं तर दहातले आठ जण ओळखत नाहीत. घाटावर ह्यालाच ऐन म्हणतात. साल बघा, मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी चौकोनी भेगा पडलेली, राखाडी काळपट, एकदा नीट बघितलीत की पुढे जंगलात लांबूनसुद्धा माट्टी ओळखता येते. ही जाड साल उन्हाळ्यातल्या वणव्यात आतल्या झाडाला सांभाळते. मग एक पडलेलं पान उचला आणि उलटं करा, देठाच्या जवळ मधल्या शिरेला लागून बारीक गाठी असतात, बोटाला लागतात. उन्हाळ्याकडे गेलात तर फळं मिळतील, प्रत्येकाला पाच पंख, वाऱ्यावर गरगरत खाली येतात. आणि कोरड्या दिवसांत काही माट्टींच्या खोडात पाणी साठून राहतं, रानात फिरणाऱ्या जुन्या माणसांना कुठलं खोड पाण्याचं ते कळायचं आणि ते त्यातनं तहान भागवायचे. एवढं सगळं एका झाडात आहे आणि आपण त्याला टेकून फोटो काढून पुढे जातो!

मग साग, किंदळ, नाणा, जांभा, जे भेटेल ते. सागाचं कोवळं पान खाली पडलेलं सापडलं तर तळहातावर चुरगळा, हात लालभडक होतो. पाचजणींनी पाच हात पुढे केले की तुमचा फोटो पण होतो आणि तो दुसऱ्या कोणाकडे नसणार.

आणि एक झाड मात्र बोंडल्यात असो, दुसऱ्या कुठल्या बागेत असो की देवळाच्या आवारात असो, दिसलं तर त्यासाठी अर्धा तास द्याच: कैलासपती. ज्याच्या फुलात पिंडी आणि वर नागाचा फणा दिसतो ते. मूळचं हे दक्षिण अमेरिकेतलं झाड, पण आपल्याकडे महादेवाचं म्हणून घरचं झालंय. फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातनं दोरखंडासारखे देठ फुटतात आणि त्यावर येतात. खाली पडलेलं एक ताजं फूल घ्या आणि पाकळ्या बाजूला करून आत बघा. मधे जी गोल चकती आहे तिथे बारीक पुंकेसर आहेत, त्यातल्या परागांनी बी धरतं. आणि वरून जो फणा वाकलेला आहे त्यावर पण केसर आहेत, पण त्यातले पराग बी धरण्याच्या कामाचे नाहीत, ते भुंग्यांना खायला ठेवलेले. फुलात मध अजिबात नसतो. भुंगा ते खायला फण्याखाली शिरतो, त्याची पाठ चकतीवरच्या केसरांना घासते, आणि खरे पराग त्याच्या अंगाला लागून पुढच्या फुलात जातात. हे झाडाखाली उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी दहा मिनिटं बघितलंत तर मी खात्रीने सांगते, वर्षभर विसरणार नाही. सकाळी लवकर गेलात तर वास पण मिळतो, दुपारी तो उतरतो. फळं तोफेच्या गोळ्याएवढी, म्हणून नेमकी त्या फळांखाली मात्र बसू नका, आणि फुटलेलं फळ हुंगायला जाऊ नका, फार घाण वास मारतं.

चौथं झाड तुमचं तुम्ही निवडा. पाचजणींनी मिळून, भांडून निवडलंत तर अजून चांगलं.

प्रश्न: आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला जास्त चालवत नाही. जंगल, चढण काही जमणार नाही. त्यांना सोडून जायचं मन होत नाही. पणजी-मडगावच्या आसपास बसून बघण्यासारखं काही आहे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: त्यांना सोडून जाऊ नकाच. पणजीत चर्चसमोरचं म्युनिसिपल गार्डन आहे ना, तिथे जा. लोक तिथनं रोज ये-जा करतात, बसची वाट बघत बसतात, पण बाग म्हणून कोणी तिथे जात नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. 1855 सालची बाग, बाकडी आहेत, सपाट वाटा आहेत, जुनी मोठी झाडं आहेत, आणि जिचं नाव गार्सिया द ऑर्ता त्या माणसाची गोष्ट तुमच्या मित्रांना बाकावर बसून सांगा.

हा पोर्तुगीज डॉक्टर 1534 साली गोव्यात आला आणि मग इथेच राहिला. युरोपातल्या जुन्या ग्रंथांत जे लिहिलंय ते इथल्या बाजारात आणि झाडांवर पडताळून बघायचं अशी त्याची पद्धत, वैद्यांना विचारायचं, हकिमांना विचारायचं, व्यापाऱ्यांना विचारायचं. त्यातनं त्याने आपल्याकडच्या औषधी वनस्पती, मसाले, फळं ह्यांच्यावर दोन माणसांच्या संवादाच्या रूपात मोठं पुस्तक लिहिलं, ते 1563 साली इथे गोव्यातच छापलं. आंबा, नारळ, फणस, विड्याचं पान, मिरी, दालचिनी सगळं त्यात आहे. चारच वर्षांत त्याचा लॅटिनमध्ये संक्षेप निघाला आणि युरोपभर गेला. माणूस 1568 मध्ये वारला. त्याचं घराणं मूळचं ज्यू, धर्म बदललेलं, तेव्हा वारल्यावरसुद्धा इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याला सोडलं नाही, पुढच्याच वर्षी बहिणीला जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून काढून जाळली. ज्या गावात त्याच्या बाबतीत हे झालं त्याच मुलखाच्या राजधानीत भर चौकातल्या बागेला आज त्याचं नाव आहे. मला वाटतं ही गोष्ट प्रत्येक गोंयकाराला माहीत पाहिजे.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाटोजवळच्या खाडीवर खारफुटीतनं जी लाकडी वाट केलीय तिकडे न्या, चालू आहे का ते आधी विचारून घ्या. अंतर थोडं आहे, सपाट आहे, मधे थांबत थांबत जाता येतं. ओहोटीची वेळ बघून जा, भरतीला मुळं पाण्याखाली जातात आणि निम्मी मजा जाते. ओहोटीला चिखलातनं पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळं वर आलेली दिसतील, ती तिवराची, चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. आणि ज्याची मुळं खोडापासून कमानी करून खाली उतरलीयत ते कांदळ, त्याच्या फांदीला लांब हिरव्या शेंगा लोंबताना दिसतील, त्या शेंगा नव्हेत, बी झाडावरच रुजून तयार झालेली रोपं आहेत ती, सुटली की चिखलात रोवली जातात नाहीतर पाण्याबरोबर वाहत दुसरीकडे जाऊन उभी राहतात. तिवराचं पान हाताला येत असेल तर न तोडता त्यावरनं बोट फिरवा आणि जिभेला लावा. खारट! झाड जास्तीचं मीठ पानातनं बाहेर टाकतं, कोरड्या दिवशी त्याचे बारीक कण डोळ्यांना पण दिसतात. गुडघा दुखणाऱ्या मित्राला हे सगळं करायला एक पाऊलसुद्धा जास्त टाकावं लागणार नाही.

प्रश्न: पावसात बागेत जाणं शहाणपणाचं आहे का? घरचे वेड्यात काढतात.
— एक वाचक, डिचोली

उत्तर: जा, अगदी जा. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, मग ते चार महिने बाग बघायची नाही तर कधी बघायची? तेरडा, नेचे, शेवाळ, झाडांच्या खोडांवर ऑर्किडं, हे उन्हाळ्यात कुठून दिसणार. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात. जळू लागली तर घाबरून ओढू नका, नख तिच्या तोंडाच्या बाजूने हळूच सरकवलं की सुटते. वादळवारा असेल त्या दिवशी मात्र मोठ्या झाडांखाली थांबू नका, घरच्यांचं त्या दिवशी ऐका.

प्रश्न: मुंबईहून कॉलेजचे मित्र येतायत, त्यांना बीच सोडून काहीतरी दाखवायचंय. मी म्हटलं बोटॅनिकल गार्डन, तर बायको म्हणते त्यापेक्षा स्पाइस फार्मला न्या, जेवण पण होईल. स्पाइस फार्म म्हणजे टुरिस्ट लोकांचं, त्याला बाग म्हणायचं का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: वहिनींचं बरोबर आहे. तुम्ही राहता त्या फोंडा तालुक्यात सावईवेरे, केरी, प्रियोळ, कुर्टी इथली जी कुळागरं, म्हणजे माड-सुपारी-मसाल्यांच्या एकत्र बागायती, आहेत त्यांच्याइतकी चांगली वनस्पतींची शाळा मला दुसरी माहीत नाही, आणि त्यातलीच काही आज स्पाइस फार्म म्हणून पाहुण्यांना उघडी आहेत. तिकीट काढून माणसं येतात म्हणून झाडं काही खोटी होत नाहीत.

मित्रांना आत शिरल्यावर आधी मसाल्यांकडे नेऊ नका, पाणी दाखवा. डोंगराच्या कुशीतली झर, तिथनं काढलेला पाट, तो सगळ्या बागेत कसा फिरवलाय ते. कुळागर उभं आहे ते त्या पाण्यावर. मग वर बघायला सांगा: सगळ्यात उंच माड, त्याच्या खाली सरळसोट माडी म्हणजे सुपारीची झाडं, माडीवर चढलेली मिरवेल, मधल्या उंचीला जायफळ, दालचिनी, फणस, त्याखाली केळी, आणि अगदी जमिनीला हळद, आलं, अननस. एकाच जागेत पाच-सहा मजल्यांचं पीक, प्रत्येकाला लागेल तेवढंच ऊन. हे कोणा एका शास्त्रज्ञाने आखून दिलेलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या बागायतदारांनी बघत बघत बसवलंय.

जायफळाचं पिकून उकललेलं फळ मिळालं तर ते हातात घेऊ द्या. पिवळट साल दोन फाकांत उघडते, आत काळी चकचकीत बी, आणि तिच्याभोवती लालबुंद जाळी, तीच जायपत्री. मुंबईच्या माणसाने जायफळ आणि जायपत्री वाण्याकडे दोन वेगळ्या पुड्यांत घेतलेली असते, ती एकाच फळात एकमेकांना चिकटलेली बघून भले भले गप्प होतात. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, फळ फक्त मादीला, म्हणून बागायतदार नर झाडं मोजकीच ठेवतो.

व्हॅनिला असेल तर सकाळचीच वेळ गाठा. फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं, एवढाच अवधी. वेल मूळची मेक्सिकोकडची, तिथले कीटक आपल्याकडे नाहीत, म्हणून माणूस बारीक काडी घेऊन एकेका फुलात पराग बसवतो. ही काडीची युक्ती 1841 साली रियुनियन बेटावर एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोराने शोधली, मोठमोठ्या बागांतल्या तज्ज्ञांना जे सोपं करून दाखवता आलं नव्हतं ते त्याने केलं, आणि आज जगभर जिथे जिथे व्हॅनिला पिकते तिथे तिथे तीच पद्धत आहे. फूल धरल्यावर शेंग पक्व व्हायला आठ-नऊ महिने. मित्र आइस्क्रीम खाताना त्यानंतर 'साधं व्हॅनिला' असं म्हणणार नाहीत.

गाइड धावत असेल तर त्याला सरळ सांगा की आम्हाला घाई नाही, आम्ही मागे राहतो, जेवायला येतो वेळेवर. बहुतेक जण आनंदाने सोडतात. जेवण झालं की लगेच गाडीत बसू नका, मांडवात टेका थोडं.

प्रश्न: मी बीएस्सीला आहे, झाडांची आवड आहे, पण फ्रेंड्सना घेऊन गेले की ते रील्स काढतात आणि पाच मिनिटांत 'चल बोअर झालं'. एकटी जायला घरचे सोडत नाहीत. त्यांना कसं इंटरेस्ट आणू?
— एक वाचक, पेडणे

उत्तर: बाळा, त्यांना वनस्पतिशास्त्र शिकवायला जाऊ नकोस, त्यांना जेवणावरून विचार. गोव्यातल्या मुलामुलींना झाडं माहीत नाहीत हे मी मानायलाच तयार नाही, त्यांना ती ताटातनं माहीत आहेत. बांगड्याच्या हुमणात तेफळं कोणी खाल्ली नाहीत? मग तेफळाचं झाड दाखव, खोडावर जाड जाड काटे असतात, त्याला हात लावून बघायला सांग. सोलकढी सगळे पितात, भिरंडीचं म्हणजे कोकमाचं झाड किती जणांनी ओळखलंय ते विचार. बिमलीची फळं फांदीला न लागता खोडालाच घडाने लागतात. ओटंब, आमाडे, हळदीचं पान ज्यात आई पातोळ्या करते. काजू दाखव आणि विचार की ह्यातलं फळ कुठलं, सगळे बोंडूकडे बोट दाखवतील, तर खरं फळ खालची बी आहे आणि बोंडू म्हणजे फुगलेला देठ. आणि हा काजू, अननस, पेरू, पपई, मिरची हे सगळं अमेरिका खंडातनं पोर्तुगीजांच्या वाटेने आपल्याकडे आलंय हे सांग, म्हणजे आपण ज्याला आपलं अस्सल गोव्याचं म्हणतो त्यातलं कितीतरी बाहेरनं आलेलं आहे. ह्याच्यावर वाद घालू देत त्यांना, वाद सुरू झाला की फोन आपोआप खिशात जातो.

आणि दुसरं, चवथीच्या आधी दोन-तीन दिवस त्यांना कुठल्यातरी माटोळीच्या बाजारात ने. गणपतीच्या वर आपण जी लाकडी माटोळी बांधतो तिला घोसांनी कवंडळां, कांगलां, घागऱ्यो, माट्टीचे टाळ, नारळाचा घड, सुपारीचे शिपटे लटकतात, ती सगळी रानातली आणि कुळागरातली ओळख एका चौकटीत बांधलेली असते. कला आणि संस्कृती खातं दरवर्षी माटोळी स्पर्धा घेतं, तिथे रानातल्या अशा अशा वस्तू लावलेल्या असतात ज्यांची नावं आता घरोघरी ठाऊक नाहीत. विकायला बसलेल्या मावशींना एकेकाचं नाव विचार, कुठे मिळालं ते विचार, त्या आवडीने सांगतात. वहीत लिहून घे.

ह्या माहितीची किंमत किती ते तुझ्या अभ्यासाच्या दृष्टीनेही सांगते. डच लोकांनी मलबारच्या झाडांवर 12 खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 मध्ये अॅमस्टरडॅमला छापला, त्याच्या कामात कोचीनचे रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तिघे कोकणी वैद्य होते. 1675 सालची त्यांची नागरी लिपीतली कोकणी साक्ष त्या ग्रंथात जशीच्या तशी छापलीय. त्यांच्याबरोबर इट्टी अच्युदन म्हणून मल्याळी वैद्य होते. ह्या माणसांनी झाडं सांगितली म्हणून ती युरोपातल्या शास्त्रज्ञांपर्यंत पोचली. तेव्हा बाजारातल्या मावशी जे सांगतात ते घरगुती गप्पा म्हणून सोडून देऊ नकोस.

रील काढायची असेल तर काढू दे, फक्त झाडाचं नाव घेऊन काढायची अशी अट घाल.

प्रश्न: बागेतनं एखादी फांदी किंवा बी घरी आणली तर चालतं का? मला घरामागे भिरंड लावायचीय, बी लावू का?
— एक वाचक, वास्को

उत्तर: फांदी तोडू नका, सार्वजनिक बागेत ते कायद्यानेही चालत नाही आणि दिवसाला पाचशे लोकांनी एकेक टोक मोडलं तर झाडाचं काय उरेल. अभयारण्यात तर खाली पडलेलं बी सुद्धा बघून तिथेच ठेवा.

भिरंडीचं म्हणाल तर बी लावू नका असंच सांगेन. हिच्यातसुद्धा नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून आलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, ते कळायला सहा-सात वर्षं वाट बघायची आणि मग फळच नाही. घरामागे एकदाच जागा आहे तर मादी झाडाचं कलम घ्या. जुन्या गोव्याला एला इथे केंद्र सरकारची किनारी कृषी संशोधन संस्था आहे, शिवाय कृषी खात्याच्या रोपवाटिका आहेत, तिथे पावसाच्या तोंडाला चौकशी करा, कलमं लवकर संपतात. आजूबाजूला कोणाकडे नर झाड आहे का तेही बघून ठेवा. एप्रिल-मेमध्ये फळं येतील, सोलं वाळवा, बिया टाकू नका, त्यांचं भिरंडेल म्हणजे कोकमाचं तेल काढा, पावसात टाचा फुटतात त्यावर त्याच्यासारखं औषध नाही.

प्रश्न: सत्तरीतल्या देवराईत जायचंय, सात-आठ जण आहोत. काही नियम असतात का? आणि तिथे ताप येतो म्हणतात ते खरं का?
— एक वाचक, पणजी

उत्तर: देवराई ही बाग नाही, कोणाचं तरी देवस्थान आहे, हे सगळ्यांना आधी सांगा. गावात पोचलात की पहिल्यांदा तिथल्या माणसांना विचारा, काही ठिकाणी चपला बाहेर काढतात, काही ठिकाणी ठराविक भागाच्या पुढे जात नाहीत, ते सांगतील तसं करा. स्पीकर नको, दारू तर नकोच नको, पान-फूल काही तोडायचं नाही, वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही.

बांबरला निरंकाराची राय म्हणजे देवराई आहे तिकडे जाणार असाल तर भाग्यवान आहात. जायफळाच्या कुळातल्या रानझाडांची दलदल आहे ती, बारमाही पाणी मुरलेली जमीन आणि त्यातनं गुडघ्यासारखी वाकून वर आलेली मुळं, परत खाली शिरलेली. खाडीतल्या तिवरासारखीच ह्यांची अडचण, चिखलात मुळांना हवा नाही, म्हणून ती वर येतात. अशा दलदली पश्चिम घाटात आता थोड्याच ठिकाणी उरल्यात. त्या मुळांवर पाय देऊन चढू नका, ती झाडाची श्वास घ्यायची जागा आहे, कडेने उभं राहून बघा. सात-आठ जण असाल तर दोन तुकड्या करा, एका वेळी तीन-चारच माणसं आत.

तापाचं खरं आहे. माकडताप म्हणतात तो, गोचिडीतनं पसरतो, सत्तरीत 2015 पासून त्याचे रुग्ण आढळलेत, आणि डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम. म्हणून शक्य असेल तर पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. कधीही गेलात तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पॅंट मोज्यात खोचलेली, गोचिडी पळवायचं तेल आरोग्य केंद्रात विचारून घ्या, पालापाचोळ्यावर बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात किंवा वनखात्याला कळवा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करून अंग नीट तपासा, कानामागे आणि काखेत पण. पुढच्या दोन आठवड्यांत जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर घरी गोळ्या घेत बसू नका, डॉक्टरला जाऊन मी सत्तरीच्या रानात गेलो होतो असं आपणहून सांगा.